गोठ्यात धार, आभाळात कार्यक्रम

तासगावजवळ आमच्या मामांची द्राक्षबाग आहे आणि गोठ्यात दोन म्हशी. बाग एखादा तास थांबते, म्हैस थांबत नाही. संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागतो आणि नेमकी तीच धारेची वेळ. गेल्या फळछाटणीच्या तोंडावर मामा वैतागून म्हणाले, "ती बाई छाटणीचं सांगती, आन् मी म्हशीखाली बसलेलो. डेअरीत दूध घालून येस्तोवर ती नमस्कार करून गेलेली आसती. ह्ये कुठं धरून ठिवता येतं का?"

येतं. मामांकडे छत्री होती, म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. महिन्याचं बिल नाही, रिचार्ज नाही. कमी होतं ते फक्त धरून ठेवणारं यंत्र. ते घ्यायला म्हणून मी सांगलीला गेलो, आणि आपण नक्की काय धरणार आहोत हेच आपल्याला माहीत नाही, हे तिथे माझ्या लक्षात आलं.

लहानपणी हवेतून येणारा टीव्ही म्हणजे कौलावरची अँटेना. एक जण वर बांबू फिरवणार, दुसरा अंगणात, तिसरा टीव्हीपुढे, आणि "आलं का?" "मुंग्याच हायत!" असा निरोप तिघांच्या तोंडून वरखाली जाणार. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत निघत, त्यामुळे शहराला टीव्ही दिसे. पण यवतेश्वराच्या पठारापलीकडे, बामणोलीच्या खोऱ्यात किंवा पाटणच्या डोंगरकुशीत उतरलं की सह्याद्री आडवा. कृष्णाकाठच्या सपाटीवर डोंगर आड येत नसे, पण अंतर वाढलं की मुंग्या ठरलेल्या. देशातली ही ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं 2022 पर्यंत जवळपास सगळी बंद झाली. 2016 मध्ये जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं ते 16 शहरांत. महाराष्ट्रातली त्यातली दोन, मुंबई आणि औरंगाबाद. म्हणून सातारा-सांगलीत हवेतला फुकट टीव्ही हवा असेल, तर तो आता डोंगरावरून येत नाही, थेट अवकाशातून येतो.

किती वरून? फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा विषुववृत्ताच्या वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर टांगल्यासारखा उभा आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याने पाय जुळवून घेतलाय, म्हणून तो हलत नाही. साताऱ्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे साठ अंशांवर आहे. सांगलीतूनही जवळजवळ तिथेच. साठ अंश म्हणजे मान चांगलीच मागे टाकावी लागते. पाटणचा कुठलाही डोंगर मग आड येत नाही. जो गाव डोंगराच्या सावलीत होता, त्याला छत्तीस हजार पाचशे किलोमीटरवरचा टीव्ही स्वच्छ दिसतो! थाळी मात्र शेजाऱ्याच्या आंब्याकडे बघतेय असं वाटतं. ती फसवणूक आहे. या थाळ्यांची बनावटच अशी, की तोंड दिसतं त्याहून वीस-पंचवीस अंश वरचं त्या पाहतात.

आणि एवढ्या लांबून पोचतं किती? एका वॉटचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले मोजके काही भाग थाळीवर पडतात. त्यात चित्र असतं, आवाज असतो, तारीख-वेळही असते.

छत्री बसवणारा कारागीर मीटर हातात धरून पुटपुटत असतो, "अकरा हजार नव्वद, व्ही, एकोणतीस पाचशे." मला तो मंत्रच वाटायचा. अकरा हजार नव्वद ही मेगाहर्ट्झमधली वारंवारता, व्ही म्हणजे उभी लहर, आणि एकोणतीस पाचशे म्हणजे सेकंदाला दोन कोटी पंचाण्णव लाख खुणा. त्या एका प्रवाहात पंधरा-वीस वाहिन्या एकमेकींत मिसळून येतात. मिसळतात कशा, हा यातला मला सर्वांत आवडलेला भाग.

सगळ्याचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा बरोबर 188 बाइटचा. पहिला बाइट नेहमी 71 हाच आकडा. तो दिसला की समजायचं, नवा तुकडा सुरू झाला. पाठोपाठ तो तुकडा कुणाचा, हे सांगणारा नंबर. सांगलीच्या मार्केट यार्डात एकाच ट्रकमधून वीस शेतकऱ्यांची हळद उतरते तेव्हा हमाल पोतं उघडून बघत नाही. वरची खूण बघतो आणि ज्याच्या त्याच्या थप्पीला लावतो. सेट-टॉप बॉक्स हीच हमाली करतो, फक्त सेकंदाला सुमारे सत्तावीस हजार पोती. तुम्ही एकच वाहिनी बघत असता, म्हणून बाकीची तो तिथल्या तिथे टाकून देतो.

आंबेवाला शेकड्याला चार-सहा आंबे वर घालतो, तसे प्रत्येक तुकड्याबरोबर 16 जादा बाइटही येतात. पण ते फुकटचे नाहीत. आधीच्या 188 वरून गणित करून काढलेले असतात. वाटेत आठपर्यंत बाइट नासले, तरी त्या जादा बाइटांवरून बॉक्स मूळचे हुडकून काढतो. म्हणून डिजिटल चित्राला मुंग्या येत नाहीत. ते लख्ख असतं, लख्ख असतं, आणि नववा बाइट नासला की एकदम फुटतं.

आता रेकॉर्डर काय करतो? आम्हाला वाटायचं, जुन्या व्हीसीआरसारखा तो पडद्यावरचं चित्र टिपत असेल. छे! त्याला चित्र दिसतच नाही. ज्या खुणेची पोती हवीत, ती न उघडता पेन ड्राइव्हवर रचत जातो, एवढंच. म्हणून रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ असतं, कणभरही कमी नाही, आणि म्हणूनच ते पाच-सातशे रुपयांच्या पेन ड्राइव्हला झेपतं. उलगडलेलं चित्र सेकंदाला सुमारे 166 मेगाबिट भरतं. हवेतून येताना एका वाहिनीच्या वाट्याला जेमतेम दोनेक मेगाबिट. बाकीचं जातं कुठे? जे बदललं नाही ते पुन्हा पाठवतच नाहीत. निवेदिकेच्या मागची भिंत एकदा आली की आली. मग हलतात ते ओठ आणि पापण्या. पूर्ण चित्र अर्ध्या-एक सेकंदातून एकदाच.

या काटकसरीचा घात पाण्याने होतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हाची दृश्यं आठवून पाहा. अशा चित्रात सगळा पडदा हलत असतो, कुठलीच लाट मागच्या लाटेसारखी नसते, आणि दोन मेगाबिटांत ते मावत नाही. मग पाण्याचे चौकोन होतात. तो दोष टीव्हीचा नाही आणि पेन ड्राइव्हचाही नाही.

दुकानात बॉक्सच्या खोक्यावर "पीव्हीआर रेडी" छापलेलं होतं. यातला "रेडी" हा शब्द मोठा मखलाशीचा आहे: सोय आहे, साठवायचं तुमचं तुम्ही आणा. मी आपला पेन ड्राइव्ह खिशातच घेऊन गेलो होतो. दुकानदाराला म्हटलं, दोन मिनिटं रेकॉर्ड करून दाखवा. त्याने केलं. मग तोच पेन ड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपला लावला. पहिल्या बॉक्सची फाइल उघडलीच नाही. त्याने पोत्यांना आपलं कुलूप घातलं होतं. दुसऱ्याची साधी टीएस फाइल, व्हीएलसीवर लगेच चालली. मी दुसरा घेतला. माझ्या मते निवडीतली हीच एक परीक्षा खरी, बाकी खोक्यावरची चित्रं. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या रेकॉर्डरमध्ये हे कुलूप असतंच. रेकॉर्डिंग त्याच बॉक्सपुरतं, आणि बॉक्स बिघडला की त्यातलं सगळं गेल्यात जमा.

किती जीबी घ्यायचा, यावर दुकानात भरपूर चर्चा झाली. हिशेब सोपा आहे: सेकंदाला दोन मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे 900 एमबी. 32 जीबीत तीसेक तास बसतात. मामांना अर्धा तास पुरतो. क्षमतेपेक्षा वेग महत्त्वाचा, कारण रडतखडत लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हवर पोती सांडतात. शिवाय पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा असेल, तर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. चांगला बॉक्स तिथे आपोआप दुसरी फाइल सुरू करतो, वाईट बॉक्स गप्प थांबतो. रात्रभराचं कीर्तन धरायचं असेल, तर हे आधी तपासावं.

पहिल्या दिवशी माझीच फजिती झाली. टायमर लावला साडेसहाचा. मामा दूध घालून आले, हातपाय धुऊन बसले, तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन ड्राइव्हवर फाइल होती, पण तिच्यात शेती नव्हती, मध्यरात्रीचं काहीतरी चाललेलं. मी चक्रावलो. मग कळलं, बॉक्सला घड्याळ उपग्रहच लावतो, आणि ते जागतिक वेळेचं. आपले साडेपाच तास त्यात आपण सेटिंगमध्ये मिळवायचे असतात. मी विसरलो होतो. बॉक्सने साडेसहा वाजायची वाट पाहिली, आणि त्याचे साडेसहा वाजले तेव्हा तासगावात बरोबर बारा वाजले होते.

पावसाचं मात्र यंत्राच्या हातात नाही. या लहरीची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास. टपोरे थेंब तिला शोषतात, उधळतात. जत-आटपाडीला साठ सेंटिमीटरची थाळी वर्षातले बहुतेक दिवस निभावते. महाबळेश्वर, कोयनानगरच्या बाजूला मी नव्वदची घेईन: क्षेत्रफळ सव्वादोन पट, झेलणंही तेवढंच जास्त. आलंच नाही ते कुठलाही रेकॉर्डर धरू शकत नाही. आणि मध्येच वीज गेली तर उघडी राहिलेली फाइल नासते, म्हणून वायफायच्या राउटरला लावतात तसला छोटा बॅकअप मामांच्या बॉक्सला जोडला. अडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय, एवढं पाहून घेतलं.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा मामा घरी होते आणि कार्यक्रम थेट लागलेला. बाई घडाच्या विरळणीवर आली आणि गोठ्यात रेडकाने दावं तोडलं. मामांनी बटण दाबलं. बाई तोंड उघडं ठेवून, हात वर करून थबकली. मामा पळाले. पडदा निश्चल, पण पेन ड्राइव्हवरचा लाल दिवा लुकलुकत होता. वरून पोती येत होती आणि बॉक्स रचत होता. आठेक मिनिटांनी मामा रेडकाला बांधून आले, धोतराला हात पुसत बसले, पुन्हा बटण दाबलं. बाईने वाक्य पुरं केलं. आता बॉक्स एका हाताने मागचं वाचत होता, दुसऱ्या हाताने पुढचं लिहीत होता, आणि मामा उपग्रहाच्या आठ मिनिटं मागे होते.

"आता जाहिरात आली की पळव," मामा म्हणाले, "म्हंजी गाठतो तिला."