अँटेनाचे तोंड समुद्राकडे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण मांडवीत आमच्या कौलांवरच्या अँटेनाला मुंबई क्वचितच नीट सापडे. टीव्हीच्या लहरी सरळ जातात. पृथ्वीच्या गोलाईपुढे त्यांचे चालत नाही. समुद्रावरच्या थंड, दमट हवेवर गरम, कोरडी हवा पसरली की मात्र त्या थराखाली अडकून लहरी शेकडो मैल येतात. उन्हाळ्यातल्या अशाच एका रात्री मुंग्यांतून अरबी अक्षरे उमटली. अब्बा तेव्हा मस्कतला. पत्र यायला पंधरवडा लागे. अम्मीने विचारले, "हे तुमच्या अब्बांचंच गाव का रे?" आम्ही बांबू गच्च धरून उभे. चॅनेलचे नाव वाचण्याआधीच चित्र विरले. अम्मी फजरपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही.