गीतसूचीचे स्थलांतर

समजा, इंदूरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त ग्रंथपालांनी अनेक वर्षे खपून आपल्या संगणकावर तीनशे गाण्यांची एक सूची सिद्ध केली आहे. तिच्या आरंभी भूपाळ्या आणि काकड आरती, त्यानंतर अभंग, मग नाट्यपदे आणि अखेरीस भैरवी असा क्रम आहे. हा क्रम सहज सुचलेला नाही. कोणत्या पदानंतर कोणते पद कानाला रुचते, हे वर्षानुवर्षे ऐकून ठरलेले आहे. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली आणि संगणकही जीर्ण झाला. नातीने सारी गाणी पेनड्राइव्हवर घेऊन नव्या मोबाइलमध्ये उतरवली. गाणी एकूणएक आली. परंतु ती अकारविल्हे वाजू लागली. पहाटेची भूपाळी भैरवीच्या आगेमागे आणि एकाच नाटकाची पदे चार दिशांना, अशी स्थिती झाली. सूचीची फाईल नातीने सोबत आणली होती. तिला स्पर्श करताच पडद्यावर एवढेच उमटले की, फाईल सापडत नाही.

गाणी डोळ्यांसमोर असताना ती यंत्राला का सापडू नयेत, हे समजण्यासाठी गीतसूची म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

गीतसूचीत गाणी नसतात. तिच्यात असतात ती केवळ गाण्यांची ठिकाणे. ग्रंथालयातील तालिकेत प्रत्येक पुस्तकाचे एक पत्र असते आणि पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे ते त्यावर लिहिलेले असते. तालिकेचा खण उचलून दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात नेला, तर पत्रे शाबूत राहतील. पण त्यांवरील कपाटांचे क्रमांक तेथे निरुपयोगी ठरतील. गीतसूचीचे नेमके असेच होते. साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणात एमपी३ प्रकारचे गाणे मिनिटाला सुमारे १ मेगाबाइट जागा व्यापते; तीनशे गाण्यांची सूची मात्र एखाद्या गाण्याच्या शंभराव्या हिश्श्यात सामावते. म्हणूनच ती हरवली तरी चटकन ध्यानात येत नाही, आणि ध्यानात येते तेव्हा वर्षांचे श्रम गेलेले असतात.

सूचीचा सर्वाधिक रूढ प्रकार ‘एम३यू’ या नावाने ओळखला जातो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने १९९५ साली संगणकावर एमपी३ गाणी वाजवणारी ‘विनप्ले३’ ही आज्ञावली काढली. हा प्रकार तिच्यासोबत आला. १९९७ साली निघालेल्या ‘विनअँप’ने तो घरोघरी पोहोचवला. त्याची रचना इतकी साधी आहे की, तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य या साधेपणातच असावे. नोटपॅडसारख्या कोणत्याही लेखनसाधनात ही फाईल उघडता येते. एका ओळीत एका गाण्याचे ठिकाण असते आणि ओळींचा क्रम हाच वादनाचा क्रम असतो. ज्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह असते, ती ओळ यंत्र ठिकाण म्हणून वाचत नाही. मात्र त्या चिन्हानंतर रोमन लिपीत ‘एक्स्टिन्फ’ हा संकेत असल्यास पुढे गाण्याची सेकंदांतील लांबी, गायकाचे नाव व शीर्षक दिलेले असते.

उपरोक्त ग्रंथपालांच्या सूचीतील एक ओळ अशी असेल :

डी:\गाणी\अभंग\०७-अभंग.एमपी३

ती डावीकडून उजवीकडे वाचावी. ‘डी’ हा संगणकातील साठवणीचा विभाग, ‘गाणी’ हे त्यातील फोल्डर, त्याच्या पोटात ‘अभंग’ हे दुसरे फोल्डर आणि शेवटी गाण्याची फाईल. विंडोज प्रणालीच्या संगणकावर हा पत्ता बिनचूक आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये मात्र ‘डी’ नावाचा विभागच नसतो. शिवाय विंडोज फोल्डरांच्या नावांमध्ये डावीकडे कललेली तिरपी रेघ घालते, तर अँड्रॉइड, लिनक्स आणि मॅक उजवीकडे कललेली रेघ वापरतात. म्हणजे पत्ता पहिल्याच अक्षराला अडतो, आणि तेथून पुढे गेलाच तर रेघेशी अडखळतो.

यावरील उपाय म्हणजे पत्ता सापेक्ष करणे. ‘विभाग डी, फोल्डर गाणी’ असे आरंभापासून सांगण्याऐवजी सूची स्वतः ज्या फोल्डरात आहे तेथून पुढचा मार्ग तेवढा सांगावा. सूचीची फाईल ‘गाणी’ या फोल्डरातच ठेवली, तर वरील ओळ पुढीलप्रमाणे आखूड करता येते :

अभंग/०७-अभंग.एमपी३

आता ‘गाणी’ हे फोल्डर मोबाइलमध्ये ठेवा, पेनड्राइव्हवर ठेवा वा दुसऱ्या संगणकावर न्या. आतली मांडणी बदलली नाही तोवर पत्ता खोटा पडत नाही. यासाठी तीनशे ओळी हाताने खोडण्याची गरज नाही. प्रथम मूळ सूचीची एक प्रत निराळी काढून ठेवावी, कारण चुकलेली दुरुस्ती निस्तरण्याचा दुसरा मार्ग नसतो. मग नोटपॅडमधील ‘शोधा आणि बदला’ या सोयीने आरंभीचा समान भाग, म्हणजे विभागाचे व पहिल्या फोल्डराचे नाव त्यांच्या तिरप्या रेघांसह, रिकाम्या जागेने बदलावा. दुसऱ्या खेपेस उरलेल्या डाव्या रेघांच्या जागी उजव्या रेघा घालाव्यात. दोन आज्ञांत तीनशे ओळी दुरुस्त होतात. रोमन लिपीत नावे असल्यास आणखी एक दक्षता घ्यावी लागते. विंडोज सामान्यतः मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत भेद मानत नाही. लिनक्स तो मानते. त्यामुळे फोल्डराच्या नावात मोठे अक्षर आणि सूचीत लहान अक्षर असेल, तर जुन्या संगणकावर बिनतक्रार वाजणारे गाणे नव्या ठिकाणी मुके होऊ शकते.

देवनागरीत नावे लिहिणाऱ्यांची कसोटी याहून कठीण आहे, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिका तिच्याविषयी सहसा मौन पाळतात. संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. कोणता अंक कोणत्या अक्षराचा हे संकेताने ठरते. जुन्या एम३यू फायली ज्या संकेतात लिहिल्या जात, त्यात एका अक्षराला एकच बाइट असे आणि रोमन अक्षरे व युरोपीय चिन्हे भरल्यावर देवनागरीसाठी जागाच उरत नसे. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र स्थान दिले. युनिकोड साठवण्याच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अशा पद्धतीने लिहिलेल्या सूचीला ‘एम३यू८’ म्हणतात. नावातील शेवटचा आठ हा त्याचाच निदर्शक होय.

येथे दोन प्रकारचे बिघाड संभवतात आणि त्यांतील भेद ओळखणे अगत्याचे आहे. सूची उघडल्यावर गाण्यांच्या नावांऐवजी स्वरचिन्हांनी नटलेली विचित्र युरोपीय अक्षरे दिसली, तर घाबरू नये. बाइट मूळचेच आहेत, केवळ ते चुकीच्या संकेताने वाचले जात आहेत. काहीही न बदलता फाईल बंद करावी आणि यूटीएफ-८ हा संकेत निवडून पुन्हा उघडावी. परंतु नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर गोष्ट वेगळी. सूची जतन करताना आज्ञावलीला ती अक्षरे लिहिताच आली नाहीत आणि प्रत्येक अक्षराच्या जागी तिने प्रश्नचिन्ह ठेवले, असा त्याचा अर्थ. अशा फाईलमधून मूळ नाव कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. म्हणून जुन्या संगणकाला निरोप देण्यापूर्वीच सूची उघडून पाहावी. नंतर हळहळण्याला अर्थ नसतो. अनेकांनी आपल्या गाण्यांची नावे रोमन लिपीत लिहिली, ती याच धास्तीने. त्यातून एकाच शब्दाची चार स्पेलिंगे निर्माण झाली, हा भाग निराळा.

मराठीपुरता आणखी एक सूक्ष्म पेच आहे. ‘वाऱ्या’सारख्या शब्दातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा साध्या र खाली नुक्ता देऊन. ‘ऱ्य’ या जोडाक्षरासाठी तर एक अदृश्य जोडचिन्ह वापरण्याचा तिसरा मार्गही आहे. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती तीन भिन्न नावे आहेत. फाईलचे नाव एका रूपात आणि सूचीतील नोंद दुसऱ्या रूपात असेल, तर पत्ता चुकतो आणि कितीही निरखून पाहिले तरी चूक दिसत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच. फाईलचे नाव पुन्हा टंकित करू नये. ते फाईलवरूनच उचलून सूचीत चिकटवावे.

सर्वच वादक आज्ञावल्या एम३यू स्वीकारत नाहीत. ‘पीएलएस’ या प्रकारात प्रत्येक गाण्याला क्रमांक देऊन ठिकाण, शीर्षक व लांबी अशा तीन स्वतंत्र ओळी लिहितात आणि गाण्यांची एकूण संख्याही नोंदवतात. विंडोज मीडिया प्लेअरचा ‘डब्ल्यूपीएल’ हा प्रकार एक्सएमएल पद्धतीने बांधलेला आहे. तेथे इंग्रजी ‘अँड’चे चिन्ह एका दीर्घ संकेताने लिहावे लागते आणि एम३यूमध्ये आणताना तो संकेत काढून मूळ चिन्ह परत घालावे लागते. ‘एक्सएसपीएफ’ या मुक्त प्रकारात ठिकाणे संकेतस्थळाच्या पत्त्याप्रमाणे लिहितात. त्यामुळे रिकाम्या जागेसाठीही टक्क्याचे चिन्ह व दोन अंक येतात, आणि देवनागरीचे एक चिन्ह तर नऊ रोमन चिन्हांइतके लांबते. असे रूपांतर हाताने करणे म्हणजे हकनाक डोळे शिणवणे. व्हीएलसी ही विनामूल्य आज्ञावली यांपैकी बहुतेक प्रकार वाचू शकते आणि सूची एम३यू वा एक्सएसपीएफ रूपात जतन करून देते. सूची तिच्यात उघडावी, गाणी वाजतात याची खात्री करावी आणि हव्या त्या रूपात जतन करावी. पत्ते सापेक्ष करण्याचे काम मात्र बहुधा नंतर स्वतःलाच करावे लागते. २००१ साली आलेल्या आणि २०२२ साली उत्पादन थांबलेल्या आयपॉडची रीत आणखी वेगळी होती. तो सूच्या स्वतःच्या गुप्त कोठारात ठेवत असे. त्यामुळे सूची मिळवायची ती आयट्यून्स या त्याच्या सोबतच्या आज्ञावलीतून.

सूची बिनचूक असूनही एखादे गाणे वाजत नसेल, तर दोष गाण्याच्या प्रकारात असू शकतो. काही साधी उपकरणे एमपी३ वाजवतात, पण फ्लॅक वाजवत नाहीत. पूर्वी विकत घेतलेली काही गाणी कुलूपबंद असत आणि ठरावीक आज्ञावलीतच चालत. आयट्यून्सच्या दुकानाने गाण्यांवरील असे कुलूप २००९ साली काढले. गाण्याचा प्रकार बदलावा लागला, तर एक गोष्ट विसरू नये. सूचीचे रूपांतर कितीदाही केले तरी संगीताला धक्का लागत नाही. पण संक्षिप्त केलेल्या एका प्रकारातून दुसऱ्या संक्षिप्त प्रकारात गाणे नेले की, दर खेपेस ध्वनीचा थोडा अंश कायमचा गळतो.

आंतरजालावरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांच्या सूचीत तर ठिकाणही नसते; असतो तो त्या सेवेचा अंतर्गत क्रमांक, जो दुसऱ्या सेवेला अगम्य आहे. म्हणून एका सेवेतील सूची दुसरीकडे नेणाऱ्या आज्ञावल्या शीर्षक आणि गायक जुळवून पाहतात. ध्वनिमुद्रणांना बारा चिन्हांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची पद्धत आहे; तो उपलब्ध असल्यास जुळणी अचूक होते. केवळ नावावरून जुळवले तर घोटाळे होतात. पंडित भीमसेन जोशी यांचा एकच अभंग ध्वनिमुद्रणगृहातला निराळा आणि मैफलीतला निराळा. नाव एक, गायक एक, परंतु ऐकणाऱ्याला हवा असतो तो त्यांतला नेमका एकच. २०२० साली गूगल प्ले म्युझिक बंद झाले, तेव्हा तेथील श्रोत्यांना आपला संग्रह यूट्यूब म्युझिककडे नेण्याची सोय देण्यात आली होती. प्रत्येक सेवा जाताना अशी सोय देईलच, असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही.

मोटारगाडीतील वा बाजारात स्वस्तात मिळणारे अनेक ध्वनिवादक सूची मुळीच वाचत नाहीत. काही नावांच्या क्रमाने वाजवतात, तर काही ज्या क्रमाने गाणी पेनड्राइव्हवर उतरवली त्या क्रमाने. तेथे सूचीतला क्रम फाईलच्या नावातच उतरवावा लागतो, म्हणजे प्रत्येक नावाच्या आधी ००१, ००२ असे अंक घालावे लागतात. आरंभीची शून्ये टाळू नयेत. अनेक यंत्रे अंकांचे मूल्य पाहत नाहीत, एकेक चिन्ह तपासतात. त्यामुळे शून्यांविना १० हा आकडा २ च्या आधी येतो. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत सौभद्र’ची पदे नाटकातील क्रमाने ऐकावयाची असतील आणि दहावे पद नांदीपाठोपाठ ऐकू आले, तर जाणत्याचा रसभंग व्हायचाच.

इंदूरच्या त्या घरी नातीने जुना संगणक पुन्हा एकदा कसाबसा सुरू केला. सूची यूटीएफ-८ मध्ये होती, प्रश्नचिन्हे नव्हती. दोन आज्ञांनी पत्ते बदलले, सूची ‘गाणी’ या फोल्डरात ठेवली आणि ते सगळे फोल्डर मोबाइलमध्ये उतरवले. तीनशेपैकी दोनशे सत्त्याण्णव गाणी क्रमाने वाजू लागली. उरलेल्या तिन्ही नावांत ऱ होता. ती नावे फाईलवरून उचलून सूचीत चिकटवल्यावर तिने मोबाइल आजोबांच्या उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली भूपाळी संपली, आणि पुढची कोणती लागणार ते आजोबांनी ती लागण्यापूर्वीच सांगितले.