चर्चची प्रगती कशी मोजावी?

कोणत्याही संस्थेची प्रगती मोजावयाची म्हणजे प्रथम तिचे उद्दिष्ट काय होते ते पाहावे लागते. गिरणीचे उत्पादन गाठींत मोजता येते; शाळेचे यश निदान काही अंशी निकालात दिसते. चर्चचे उद्दिष्ट मात्र एका पिढीत पुरे होणारे नसते, आणि त्याचा मोठा भाग माणसाच्या अंतःकरणाशी निगडित असतो. म्हणून येथे मोजमापच करू नये, असे कोणी म्हणेल. परंतु मोजमाप टाळले की आपण वाट चुकलो आहोत हे कळण्याचे साधनही नाहीसे होते. भारतातील प्रॉटेस्टंट चर्चच्या इतिहासात या पेचाचे चांगले दर्शन घडते.

एकोणिसाव्या शतकातील मिशनांचे वार्षिक अहवाल आकड्यांनी भरलेले असत. बाप्तिस्मे किती, शाळा किती, विद्यार्थी किती, याची नोंद लंडन आणि बॉस्टन येथील वर्गणीदारांपर्यंत पोहोचे. या आकड्यांवरून मिशनचे श्रम कळत. स्थानिक मंडळी स्वतःच्या पायांवर कितपत उभी आहे, हे कळत नसे. इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांनी म्हणूनच दूरचे उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत मांडले. स्थानिक चर्चने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपला प्रसार आपणच करावा. हे मान्य केले की एक विलक्षण निष्कर्ष निघतो : मिशनरीची गरज उरू नये, यातच मिशनची सफलता आहे.

उद्दिष्ट बदलले की त्याच आकड्याचा अर्थही बदलतो. अँडरसन 1854-55 मध्ये भारतात आले असता त्यांनी बोर्डाच्या मुंबई व अहमदनगरकडील कामाची पाहणी केली. इंग्रजी शाळांतील विद्यार्थिसंख्या तोवर भूषणास्पद वाटत होती. परंतु या शाळांतून मंडळीला पाळक किती मिळतात, असा प्रश्न विचारताच तीच संख्या खर्चाच्या बाजूला जाऊन बसली. देशी भाषेतील शिक्षण आणि देशी पाळकांच्या हाती सोपविलेल्या खेड्यांतील मंडळ्या यांवर भर देण्यात आला. या निर्णयावर त्या काळीही टीका झाली, कारण लोकांना इंग्रजी शिक्षण हवे होते. मापदंड निवडणे म्हणजे काही गोष्टींचे मोल कमी लेखणेही असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

स्वावलंबनाचे उत्तम उदाहरण ईशान्येकडील मिझो टेकड्यांत आढळते. 1910 च्या सुमारास तेथील ख्रिस्ती स्त्रियांनी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा सुरू केली, आणि ती आजही चालू आहे. परदेशातून येणाऱ्या मोठ्या देणगीपुढे ही मूठ क्षुल्लक भासेल. तथापि देणगी थांबली तर काय उरेल, हा प्रश्न विचारला की खरे बळ कोठे आहे ते दिसते. येथे जमलेल्या रकमेपेक्षा देणाऱ्या घरांची संख्या अधिक बोलकी ठरते.

काही गोष्टींना मात्र अहवालात रकानाच नसतो. वेदनायकम सॅम्युअल अझरय्या हे 1912 मध्ये दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत. त्यापूर्वी 1910 च्या एडिंबरो परिषदेत त्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची कदर केली, आणि त्यांच्यापाशी मैत्री मागितली. भारतीय आणि परदेशी सहकारी बरोबरीने वागत नसतील, तर एका भारतीयाला मिळालेल्या पदावरून स्वशासनाचे अनुमान काढणे उतावीळपणाचे ठरले असते.

मोजणी काळजीपूर्वक केली तर रूढ समजही बदलतात. जे. वॉस्कॉम पिकेट यांनी सामुदायिक धर्मांतरांची पाहणी करून 1933 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोक कोणत्या हेतूने आले यावर तेव्हा मोठा वाद चाले. बाप्तिस्म्यानंतर त्यांना शिक्षण आणि देखरेख कशी मिळाली, यावर पुढील प्रगती अधिक अवलंबून असते, असे पिकेट यांना आढळले. बाप्तिस्म्याचा आकडा हा आरंभाचा आकडा होय, फलिताचा नव्हे.

काळाचे भानही तितकेच आवश्यक आहे. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा भिन्न परंपरांतील पाळकांना जसेच्या तसे स्वीकारण्यात आले. नव्या दीक्षा मात्र बिशपच्या हस्ते व्हाव्यात असे ठरले. या संक्रमणासाठी तीस वर्षांची मुदत गृहीत धरली होती. पाचव्या वर्षीच एकरूपता शोधणाऱ्यास अपयशच दिसले असते. त्याच चर्चमध्ये ई. पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या, त्या 2013 मध्ये. उलट पक्षी, दीर्घ मुदत ही सबबही होऊ शकते. जातिभेद नष्ट करण्याचे उद्दिष्ट जुने आहे; तरीही विवाह जातीतच जुळविले जातात, आणि काही ठिकाणी दफनभूमीतही भेद दिसतो.

तेव्हा सभासदसंख्या आणि जमाखर्च अवश्य मांडावेत. परंतु त्यांच्या शेजारी इतरही प्रश्न असावेत. निर्णय कोण घेतो? बाहेरची मदत थांबली तर कोणते काम चालू राहील? सर्वांत दुर्बल सभासदाला मंडळीत कोठे बसावे लागते? यांची उत्तरे दर दहा वर्षांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवली, तर पुढच्या पिढीला आपण किती चाललो आणि कोणत्या दिशेने, हे पडताळून पाहता येईल.