नग्नचित्र आणि गुणपत्रिका : कलाशिक्षणातील मूल्यमापनाचा एक वाद

बीजसंज्ञा : कलाशिक्षण, नग्नता, अश्लीलता, अंतर्गत मूल्यमापन, निकाल राखून ठेवणे, विद्यार्थी तक्रार निवारण

प्रस्तावना

कलामहाविद्यालयात निर्वस्त्र मानवी देहाचा अभ्यास ही नवी बाब नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२० च्या सुमारास, जिवंत मॉडेल समोर ठेवून देह रेखाटण्याचा वर्ग सुरू झाला. तेव्हापासून हा अभ्यास अभ्यासक्रमाचा भाग म्हणून रुळला आहे. शालेय पातळीवरील एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांत त्याला स्थान नाही. त्यामुळे विद्यार्थ्याची या विषयाशी पहिली गाठ पडते ती महाविद्यालयातच. वर्गातील अशा अभ्यासचित्राला गुण देताना सहसा कोणाचे मतभेद होत नाहीत. प्रमाण, तोल, छायाप्रकाश, रेषेवरील हुकमत या कसोट्या ठरलेल्या असतात. वाद उद्भवतो तो विद्यार्थ्याने स्वतःच्या कल्पनेतून निर्माण केलेली नग्न प्रतिमा परीक्षेसाठी मांडली जाते तेव्हा. अशा वेळी ‘हे चित्र असावे काय’ आणि ‘या चित्राला किती गुण द्यावेत’ हे दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळतात. प्रस्तुत लेखात या सरमिसळीचा विचार मुख्यतः बडोद्याच्या २००७ मधील घटनेच्या आधारे केला आहे.

बडोदा, मे २००७

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये स्थापन झाली. ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या शिक्षकांनी तिला आकार दिला आणि पुढील काही दशकांत आधुनिक भारतीय कलेतील एक प्रमुख केंद्र म्हणून तिची ओळख झाली. मराठी राजघराण्याचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाशी महाराष्ट्रातील कलावर्तुळाचा संबंध जुना आहे. येथे वर्षअखेरीस विद्यार्थी आपले काम दालनांतून मांडतात व परीक्षक ते पाहून गुण देतात.

९ मे २००७ रोजी पदव्युत्तर वर्गाच्या अंतिम वर्षातील एका विद्यार्थ्याने अशाच परीक्षेसाठी मांडलेल्या मुद्राचित्रांवर बाहेरील मंडळींनी आक्षेप घेतला. विश्व हिंदू परिषदेशी संबंधित एक स्थानिक कार्यकर्ता साथीदारांसह विद्याशाखेच्या आवारात शिरला. देवीची प्रतिमा निर्वस्त्र रूपात वापरल्याचा त्याचा आक्षेप होता. क्रुसावरील ख्रिस्ताच्या चित्रणाबद्दल काही ख्रिस्ती प्रतिनिधींनीही तक्रार केली. पोलिसांनी विद्यार्थ्याला अटक केली. धार्मिक भावना दुखावणे व समाजगटांत वैर निर्माण करणे असे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले आणि काही दिवस त्याला तुरुंगात काढावे लागले. विद्यापीठ प्रशासनाने त्याची बाजू घेतली नाही. सहाध्यायांनी निषेध म्हणून भारतीय व पाश्चात्त्य कलेतील शृंगारिक प्रतिमांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्याचा आदेश प्रभारी अधिष्ठाता प्रा. शिवाजी पणिक्कर यांनी मानला नाही. त्यांना निलंबित करण्यात आले.

त्यावेळच्या चर्चेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द सर्वाधिक वापरला गेला, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु अध्यापकांच्या दृष्टीने अधिक गंभीर असलेली गोष्ट मात्र बाजूला पडली : विद्यार्थ्याचा निकाल राखून ठेवला गेला. तो नापास झाला नव्हता. परीक्षकांनी त्याचे काम कमी दर्जाचे ठरविल्याचीही नोंद पुढे आली नाही. सुमारे अकरा वर्षे पदवी हाती न आल्यानंतर, फेब्रुवारी २०१८ मध्ये, कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावल्याच्या आरोपावरून त्याच माजी विद्यार्थ्याला अटक झाल्याचे वृत्त आले. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि एका न दिलेल्या निकालाची किंमत किती होऊ शकते, हे त्यातून दिसते. मे २०२२ मध्ये याच विद्याशाखेत वार्षिक मूल्यमापनातील कामावरून पुन्हा वाद झाला. तेव्हा नग्नतेचा प्रश्न नव्हता. देवदेवतांच्या प्रतिमांसाठी बलात्काराच्या बातम्यांची कात्रणे वापरल्याचा आक्षेप होता. त्याही वेळी विद्यार्थ्यावर निष्कासनाची कारवाई झाली.

नग्नता आणि अश्लीलता : कायद्याची भूमिका

आक्षेपकांची व कधीकधी प्राध्यापकांचीही अशी समजूत असते की नग्न चित्र म्हणजे अश्लील चित्र आणि अश्लील चित्र म्हणजे गुन्हा. न्यायालयांनी ही साखळी वारंवार तोडली आहे. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ मालिकेतील चित्रांवर पोलिसांनी कारवाई केली. पदमसी यांनी चित्रे उतरविण्यास नकार दिला आणि ते निर्दोष सुटले. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितार्थ केलेल्या निर्मितीस अपवाद होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही तो कायम आहे. अवीक सरकार प्रकरणात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी सोडून समकालीन समाजाच्या मापदंडाची कसोटी स्वीकारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फ्रान्सिस न्यूटन सूझा व पदमसी यांच्या नग्नचित्रांची सीमाशुल्क विभागाने केलेली जप्ती रद्द केली. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, हेच त्या निर्णयाचे सूत्र होते.

याचा अर्थ काहीही चालते असा नव्हे. बालकांच्या लैंगिक चित्रणाबाबतचा कायदा वेगळा व कठोर आहे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर संस्थेने विषयाच्या मर्यादा आधी घालून देणे रास्तच आहे. मात्र मर्यादा ‘आधी’ सांगावी लागते. काम पूर्ण होऊन भिंतीवर लागल्यावर सांगितलेली मर्यादा ही शिक्षा ठरते.

गुण कोणी आणि कशाचे द्यायचे

गुणदानाच्या वादात न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत, ही बाब प्राध्यापकांना सुखावणारी आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक निर्णयांत तज्ज्ञांच्या मताच्या जागी स्वतःचे मत ठेवण्यास स्पष्ट अनिच्छा दर्शविली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रकरणात जवळपास हीच भूमिका घेतली. पण तेथे एक अट स्पष्ट शब्दांत आली. अध्यापकांच्या निर्णयाचा मान राखायचा तो त्यांनी व्यावसायिक विवेक खरोखर वापरला असेल तरच. भारतीय प्रकरणांना तो निकाल बंधनकारक नाही, परंतु त्यातील भेद येथे नेमका उपयोगी पडतो. परीक्षकाने चित्र पाहून त्यातील रचना दुबळी आहे, मुद्रणतंत्र कच्चे आहे किंवा प्रतिमा उसनी आहे म्हणून कमी गुण दिले, तर ते मूल्यमापन झाले. विद्यार्थ्याला ते पटो वा न पटो. जमावाच्या किंवा प्रशासनाच्या भीतीने गुणच दिले नाहीत, तर विवेक वापरलाच गेला नाही. अशा वेळी ‘शैक्षणिक स्वायत्तता’ हा बचाव उभा करणे म्हणजे ज्या गोष्टीचा त्याग केला तिच्याच नावाने संरक्षण मागणे होय.

या ठिकाणी कलाशाखांनी एक दोषही मान्य करायला हवा. बडोद्यातील मांडणी परीक्षा होती की प्रदर्शन, यावर २००७ मध्ये बराच वाद झाला. परीक्षकांसाठीची मांडणी व पाहुण्यांसाठीचे प्रदर्शन या दोहोंत काळाचे वा जागेचे अंतर ठेवले, तर प्रदर्शनाबद्दलचा आक्षेप गुणपत्रिकेपर्यंत पोहोचत नाही. एखादे काम सार्वजनिक दालनात न लावण्याचा निर्णय संस्था घेऊ शकते; तो चर्चेचा विषय आहे. त्या कामाला गुण न देण्याचा निर्णय मात्र त्या अधिकारात बसत नाही.

मॉडेलचाही विचार येथे अस्थानी नाही. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटात ज. जी. कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या गरीब स्त्रीची कथा आहे. २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या भारतीय विभागातून तो वगळला गेला व २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. पोटासाठी बसणाऱ्या या स्त्रीची ओळख उघड न होणे, तिचे मोबाइलवर छायाचित्र घेतले न जाणे, ही वर्गाची शिस्त आहे. विद्यार्थ्याने ती मोडली तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. पण तीही गुणांत मिसळू नये.

तक्रारीचा मार्ग

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत मूल्यमापनातील अपारदर्शक वा अन्याय्य व्यवहार तसेच निकालातील विलंब यांचा तक्रारीच्या व्याख्येत समावेश आहे. तक्रार समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर विद्यार्थ्याला लोकपालाकडे अपील करता यावे, अशी व्यवस्था आहे. २००७ मध्ये असा मार्ग नव्हता. २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालामुळे तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहण्याचा हक्कही परीक्षार्थींना मिळाला.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला मात्र या हक्काचा उपयोग करताना एक साधी अडचण येते. उत्तरपत्रिका कपाटात राहते. मांडणी उतरविली जाते, मुद्राचित्रे जप्त होतात, दालनाला टाळे लागते. पुनर्मूल्यांकनासाठी पाहायचे काय, हाच प्रश्न उरतो. म्हणून परीक्षेच्या दिवशीच प्रत्येक मांडणीची छायाचित्रे घेऊन ती, परीक्षकांच्या कसोटीनिहाय गुणांसह व सहीनिशी, परीक्षा विभागाकडे त्याच सायंकाळी जमा करावीत. निकाल राखून ठेवायचाच असेल तर त्याचे कारण, तो ठरविणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि निर्णयाची अंतिम तारीख विद्यार्थ्याला लेखी कळवावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. अभ्यास मंडळाचा एक ठराव पुरेसा आहे.