मध्यरात्री ठणकणारा अंगठा : गाउट ओळखताना

रात्री निजताना पाय अगदी ठीक असतो. पहाटे मात्र अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ उठते, की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. सांधा लाल, गरम व सुजलेला दिसतो. काहीही लागलेले नसताना असे घडले, तर गाउटची शंका घ्यावी. आयुर्वेदात याच्याशी मिळतेजुळते वर्णन ‘वातरक्त’ या नावाने आढळते आणि चरकसंहितेत त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे.

मूळ कारण

शरीरातील पेशींत व अन्नात प्युरीन नावाचे घटक असतात. त्यांच्या विघटनातून युरिक ॲसिड तयार होते व ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ते साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले, तर त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. शरीर या स्फटिकांवर तुटून पडते, तेव्हा अंगठा सुजतो. घोटा, गुडघा, मनगट आणि बोटांचे सांधेही यातून सुटत नाहीत. आजार जुना झाल्यावर कानाच्या पाळीवर किंवा कोपरावर खडूसारख्या गाठी येतात.

उतारवयात मूत्रपिंडांचे काम मंदावते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि हृदयविकारात रोज घ्यावयाची ॲस्पिरिनची छोटी गोळी यांमुळेही युरिक ॲसिड वाढते. तरीही या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत, कारण हृदयाला होणारा धोका अंगठ्याच्या दुखण्याहून मोठा असतो. स्त्रियांमध्ये हा आजार बहुधा पाळी गेल्यानंतर दिसतो.

त्यात आपला खान्देशी उन्हाळा! जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि घामावाटे शरीरातले पाणी कमी होते. रात्री उठावे लागेल म्हणून अनेक ज्येष्ठ संध्याकाळनंतर पाणीच टाळतात. अशा वेळी दुखणे उसळू शकते. दिवसभर थोडे थोडे पाणी व ताक द्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

डाळीवर राग नको

‘युरिक ॲसिड वाढले’ म्हटले, की घरात पहिली कुऱ्हाड डाळीवर पडते. मग कळण्याची भाकरीही ताटातून जाते. वास्तविक डाळींतील प्युरीनमुळे गाउटचा धोका मांसाहाराइतका वाढत नाही. डाळ तोडल्याने वृद्धांचे स्नायू मात्र क्षीण होतात व तोल जाण्याची भीती वाढते. वाटीभर वरण खुशाल द्यावे. आवरायचे ते कलेजी, मटण, सुके मासे, दारू (विशेषतः बीअर) आणि गोड शीतपेये. वजन जास्त असल्यास हळूहळू उतरवावे. कडक उपवासानेही झटका येऊ शकतो.

दुखू लागल्यावर

पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा. चोळू नये. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडांना व जठराला इजा करतात. औषध डॉक्टरांनीच निवडावे. सांध्याबरोबर ताप, थंडी वाजणे किंवा सुस्ती असेल, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ऐन दुखण्यात युरिक ॲसिडचा अहवाल कधी कधी ‘नॉर्मल’ येतो, म्हणून सूज ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. उलटपक्षी, केवळ आकडा वाढलेला असून कसलाच त्रास नसेल, तर बहुतेकांना औषध लागत नाही. झटके वारंवार येत असल्यास प्रमाण ६ च्या खाली ठेवणारी गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. दुखणे थांबले म्हणून ती थांबवू नये. मात्र गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तर ती लगेच बंद करून डॉक्टरांना भेटावे.

घरातील ज्येष्ठांच्या सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहून ठेवा व प्रत्येक तपासणीस सोबत आणा. दुखऱ्या अंगठ्याचे कारण पुष्कळदा त्या यादीतच सापडते.