कुर्दिस्तान हा देशच नाही, मग तिथं भारताचं कॉन्सुलेट कसं काय?

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथं मोठी मेडिकल कॉलेजं आहेत आणि त्यांच्या जोडीला नर्सिंग कॉलेजंही. समजा, इथून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीला इराकमधल्या एर्बिल शहरातल्या हॉस्पिटलची ऑफर आली. पगार चांगला, राहणं-खाणं फुकट. घरचे पहिला प्रश्न विचारणार, "तिथं काही झालं तर फोन कुणाला करायचा?"

२०१४ साली या प्रश्नाचं उत्तर होतं, बगदादचा भारतीय दूतावास. एर्बिलपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर लांब. आणि त्या उन्हाळ्यात मधल्या भागात आयसिस घुसली होती.

आज उत्तर वेगळं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये भारतानं एर्बिलमध्येच कॉन्सुलेट जनरल, म्हणजे महावाणिज्य दूतावास सुरू केला. एर्बिल ही इराकच्या कुर्दिस्तान प्रदेशाची राजधानी. कुर्द लोक तिला हौलेर म्हणतात. आता इथं अनेकांचा गोंधळ होतो. कुर्दिस्तान नावाचा देश तर जगाच्या नकाशावर नाही. मग भारतानं त्याला गुपचूप मान्यता दिली की काय?

तसं काहीही नाही. पण हे कॉन्सुलेट का उघडलं, हे समजून घ्यायला २०१४ मध्ये जावं लागतं.

४६ नर्सेस सुटल्या, ३९ कामगार नाही

१० जून २०१४ ला आयसिसनं मोसुल हे इराकमधलं मोठं शहर ताब्यात घेतलं. मोसुल ते एर्बिल अंतर सुमारे ८० किलोमीटर. वर्धा ते नागपूर जेवढं, जवळपास तेवढंच.

तेव्हा तिक्रितच्या हॉस्पिटलमध्ये ४६ भारतीय नर्सेस, बहुतेक केरळच्या, अडकल्या होत्या. बाहेर बॉम्बस्फोट, आत बेसमेंटमध्ये या मुली. ३ जुलैला आयसिसचे लोक त्यांना बसमध्ये बसवून मोसुलला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडण्यात आलं आणि त्या एर्बिलला पोहोचल्या. ५ जुलैला एअर इंडियाच्या खास विमानानं त्या मुंबईत थोडा वेळ थांबून कोचीला उतरल्या. देशभर टीव्हीवर ती दृश्यं दिसली. पुढे 'टायगर जिंदा है' हा सिनेमाही याच घटनेवरून सुचला. सिनेमात गोळीबार खूप आहे. प्रत्यक्षात सुटका वाटाघाटींनी झाली.

दुसरी गोष्ट मात्र कुणी फार आठवत नाही. त्याच जूनमध्ये मोसुलमधून ४० भारतीय बांधकाम कामगारांना पळवून नेलं गेलं. बहुतेक जण पंजाबचे. त्यातला एक जण जिवंत निसटला. बाकीच्यांना मारलं, असं तो सांगत राहिला. सरकार म्हणत राहिलं की ठोस पुरावा मिळेपर्यंत तसं जाहीर करता येणार नाही. मोसुल मुक्त व्हायला जुलै २०१७ उजाडला. मग बादुशजवळ सामूहिक कबर सापडली, डीएनए तपासणी झाली आणि २० मार्च २०१८ ला तेव्हाच्या परराष्ट्र मंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं की ३९ जण मरण पावले आहेत. घरच्यांनी जवळपास चार वर्षं वाट पाहिली होती.

एर्बिलमध्ये तेव्हा भारताचं कॉन्सुलेट असतं तर ते ३९ जण वाचले असते का? असा दावा करता येत नाही. उलट मोसुलमध्ये तुर्कस्तानचं स्वतःचं कॉन्सुलेट होतं आणि आयसिसनं त्यातल्याच ४९ जणांना ओलीस धरलं होतं. पण नर्सेसच्या वेळी एक गोष्ट दिसली. संकटात बाहेर पडायची वाट एर्बिलमधून जाते आणि तिथं आपला कायमचा माणूस हवा.

परवानगी कुणाची लागते?

इराकच्या २००५ च्या राज्यघटनेनं कुर्दिस्तानला स्वायत्त प्रदेशाचा दर्जा दिला आहे. त्याची स्वतःची संसद आहे, पंतप्रधान आहे आणि पेशमर्गा नावाचं सशस्त्र दल आहे. पण परराष्ट्र धोरण हा विषय त्याच राज्यघटनेनं बगदादच्या केंद्र सरकारकडे ठेवला आहे.

कॉन्सुलेटचे नियम १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहेत. ज्या देशात कॉन्सुलेट उघडायचं, त्या देशाची संमती लागते. शहर कोणतं, त्याच्या अखत्यारीत कोणता भाग येणार, हेही त्या देशाच्या संमतीनंच ठरतं. इथं 'देश' म्हणजे इराक. त्यामुळे एर्बिलमधलं कॉन्सुलेट ही कुर्दिस्तानला मान्यता नाहीच. उलट हा भाग इराकचा आहे, हे मान्य करूनच ते उघडलेलं असतं. दूतावास एकच, तोही राजधानीत, बगदादला. अमेरिका, रशिया यांचीही एर्बिलमध्ये कॉन्सुलेट आहेत. स्वतःच्या देशातल्या कुर्द बंडखोरांशी अनेक दशकं लढलेल्या तुर्कस्ताननंही २०१० मध्येच तिथं कॉन्सुलेट उघडलं होतं.

याची उलटी बाजू मुंबईत दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवाननं मुंबईत कार्यालय सुरू केलं. ते व्हिसासारखी कामं करतं, पण नाव आहे 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र'. कारण भारताचे तैवानशी अधिकृत राजनैतिक संबंध नाहीत. तरी चीननं त्यावर नाराजी दाखवलीच. थोडक्यात, दारावरची पाटी फार जपून रंगवलेली असते.

कुर्दांना स्वतःचा देश हवा आहे, हे खरं. २५ सप्टेंबर २०१७ ला त्यांनी सार्वमत घेतलं, ९२ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूनं पडली. बगदादनं काही दिवसांतच एर्बिल आणि सुलेमानियाच्या विमानतळांवरची आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. ती पुन्हा सुरू व्हायला मार्च २०१८ उजाडला. म्हणजे कामासाठी गेलेला माणूस दोन सरकारांच्या भांडणातही अडकू शकतो.

कॉन्सुलेट नेमकं करतं काय?

'वाणिज्य' हा शब्द इथं दिशाभूल करतो. व्यापार हा कामाचा एक भाग, पण सामान्य माणसाचा संबंध येतो तो दुसऱ्याच कामांशी. पासपोर्ट हरवला तर नवा किंवा परत येण्यापुरता तात्पुरता कागद देणं. जन्म-मृत्यूची नोंद. मृतदेह भारतात पाठवण्यासाठीची कागदपत्रं. मालकानं पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला तर स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलणं. शिवाय भारतात उपचार किंवा शिक्षणासाठी येणाऱ्या तिथल्या लोकांना व्हिसा.

आणि अटक झाली तर भेटणं. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ म्हणजे हेच, आणि ते महाराष्ट्राला एका नावामुळे माहीत आहे: कुलभूषण जाधव. पाकिस्ताननं त्यांना २०१६ मध्ये अटक केली आणि भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही. मूळचे नागपूरचे वकील हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ ला न्यायालयानं पाकिस्ताननं कलम ३६ मोडल्याचं सांगितलं. जाधव सुटले नाहीत. कॉन्सुलेटची मर्यादा हीच आहे. ते भेटू शकतं, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतं; तुरुंगाचं कुलूप उघडू शकत नाही.

वर्ध्याहून निघण्याआधी

भारताच्या यादीत १८ देश असे आहेत, जिथं नोकरीला जाताना दहावी न झालेल्यांना सरकारची इमिग्रेशन मंजुरी घ्यावी लागते. इराक त्यात आहे. नर्सेसना तर २०१५ पासून शिक्षण कितीही असलं तरी ही मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तपासता येतं. परदेशात गेल्यावर तक्रार करायची असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे. तिथं घरचे लोकही वर्ध्यात बसून तक्रार टाकू शकतात. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो" असं सांगणारा एजंट नेमकी हीच मंजुरी चुकवत असतो.

आणखी एक गोष्ट नकाशावर बघून ठेवावी. कुर्दिस्तान प्रदेश म्हणजे मुख्यतः एर्बिल, दुहोक आणि सुलेमानिया. कितीतरी वर्षं तिथला व्हिसा बगदादकडच्या इराकमध्ये चालत नसे. मोसुल एर्बिलपासून तास-दीड तासावर असलं तरी ते या प्रदेशात येत नाही. त्यामुळे ऑफर लेटरवर 'कुर्दिस्तान' लिहिलेलं असेल तर खाली कामाचं शहर कोणतं लिहिलंय, ते आधी वाचावं.