जिल्ह्याची सरासरी आणि आपलें शिवार

महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांत तो ५०० च्या आसपासच. नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात, म्हणून पूर्वभागाची खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर. शाळूची पेर त्याच ओलीवर होते. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस कृष्णेचा महापूर आला, तेव्हां जतकर आभाळाकडे डोळे लावून बसले होते. अशा जिल्ह्याची सरासरी शेतकऱ्यास काय सांगणार?

महसुलाच्या नोकरींत आम्ही पावसाचीं व पैसेवारीचीं पत्रकें पुष्कळ वर्षें लिहिलीं. एके वर्षीं मापकांत पाऊस पुरेसा भरला. दोन कोसांवरील शिवार मात्र कोरडें राहिलें. आमची नोंद खरी होती, परंतु तेथील करपलेल्या शाळूस तींत जागा नव्हती. ही रुखरुख अद्याप जात नाहीं.

शेतकरी बंधूंस विनंती कीं, सपाट बुडाचें व सरळ कडांचें भांडें मोकळ्या जागीं ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाणी मोजावें, तारखेसह वहींत टिपावें व भांडें रितें करावें. पैसेवारीच्या वेळीं तोंडी तक्रारीपेक्षां अशी वही अधिक बोलेल.